बजाबाईचा हात

आकितीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आदल्या दिवशी सकाळी धोंडीराम पाणाड्याला फरशीखालनं पाणी वाहताना ऐकू आलं.

ऐकलं ते झोपेतच. पण त्याची झोप आता झोपेसारखी राहिली नव्हती. आडवं झालं की छातीवर ज्वारीचं पोतं ठेवल्यासारखं व्हायचं, म्हणून पंधरा दिवस तो थोरल्या मुलाच्या शहरातल्या घरी पाठीशी तीन उशा लावून पलंगावर बसूनच डोळे मिटत होता. झोप आणि जाग यांच्यामधला बांध कुणीतरी फोडून ठेवला होता आणि इकडचं तिकडं वाहत होतं. बजाबाई त्याच्या पायाशी बसलेली. तिलाही पंधरा दिवस धड झोप नव्हती, त्यामुळं तिचंही इकडचं तिकडं चालूच होतं.

"नीरु बंतु," तो डोळे न उघडता म्हणाला.

अक्कलकोटच्या पुढं, त्यांच्या गावात, माणसं कानडीत भांडत आणि मराठीत समजूत काढत. पाणी आलं हे बजाबाईला दोन्ही भाषांत कळत होतं.

"कुटं आलं?"

"हितं. आपल्या खाली. मोटी धार हाय."

"अवं, दुसरा मजला हाय ह्यो. खाली चंद्रव्वाची न्हाणी हाय."

"न्हाय, न्हाय. ग्वाड पाणी हाय. आवाजावरनं कळतंय की."

बजाबाईनं वाद घातला नाही. पाणाड्याच्या घरात बावन्न वर्षं काढलेल्या बाईनं पाण्यावरनं नवऱ्याशी वाद घालू नये, एवढं शहाणपण तिला केव्हाच आलं होतं. तिनं नुसता कान दिला. आणि खरं सांगायचं तर तिलाही काहीतरी ऐकू आलं. भवानी पेठेत कुणाचा तरी माग लवकर सुरू झाला होता, त्याची खटक-खट थकलेल्या कानांत शिरता शिरता झुळझुळ होऊन जात होती. वैशाखाच्या उन्हानं भिंती सकाळीच तापलेल्या होत्या. तिला ते ऐकत बसावंसं वाटलं, आणि ती बसली.

साठ वर्षं म्हाताऱ्यानं तळहातावर नारळ ठेवून लोकांची रानं पालथी घातली. नारळ जिथं उभा राही तिथं तो टाचेनं खूण करी. जिथं पाणी लागलं तिथली माणसं धोंडीरामाचं नाव काढत, जिथं नाही लागलं तिथली आपल्या नशिबाला बोल लावत. असा मोठा बिनघोर धंदा. फक्त त्याच्या स्वतःच्या चार एकरांत गेल्या कार्तिकापर्यंत नारळ कधी हलला नाही. पाणाड्याचं रान कोरडं, ही गावाची साठ वर्षं पुरलेली थट्टा होती.

आणि आता हा माणूस पाण्यासाठी सुनेच्या तोंडाकडं बघत होता. शिमग्यात दवाखान्यातून घरी सोडताना डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं: काळीज थकलंय, त्याच्याच्यानं अंगातलं पाणी रेटवत नाही, ते पायात आणि फुप्फुसात साचतं. दिवसाला सव्वा लिटर, त्याच्या वर थेंब नाही. मीठ अगदी कमी. आणि रोज सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी, वजन. एकसष्टचं दोन-तीन दिवसांत त्रेसष्ट झालं तर फोन करायचा, वाट बघायची नाही.

सून ऋतुजा शाळेत शिकवायची आणि घरातही तिचं सगळं शिकवल्यासारखंच असायचं. तिनं एक बाटली सव्वा लिटरवर खूण करून ओट्यावर ठेवली होती. म्हाताऱ्यानं कपभर चहा घेतला की ती तेवढंच पाणी बाटलीतनं काढून तुळशीला घालायची. बाटली संपली की दिवस संपला. घसा सुकला तर चूळ भरायची, नाहीतर तोंडात वेलदोडा धरायचा. तांब्या जाऊन त्याच्या जागी इवलीशी वाटी आली होती. सगळं बरोबर होतं, आणि बजाबाईला त्यातलं काहीही बघवत नव्हतं. पाण्याला आलेल्या माणसाला नाही म्हणू नये, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. ते तिच्या हाडातच होतं.

म्हणून दुपारी, ऋतुजा शाळेत आणि थोरला अभिमन्यू हापिसात गेला की, ती त्याला आंबील द्यायची. ताकात ज्वारीचं पीठ आंबवून, लसूण ठेचून, चवीपुरतं मीठ घालून. आंबील म्हणजे काही पाणी नव्हे. आंबील म्हणजे जेवण. ते बाटलीत कशाला मोजायचं? अळणी तर कुत्रंसुद्धा पिणार नाही. शिवाय कलिंगडाच्या दोन फोडी, त्या तर फळात जमा. बजाबाईच्या मनात यात चोरी अशी नव्हतीच. सांगितलं नव्हतं, एवढंच.

आणि वजन तर रोज एकसष्टच भरत होतं. स्वयंपाकघराच्या दाराशी तो गोल काटा ठेवलेला असे. म्हातारा त्यावर चढला की डुलायचा, म्हणून बजाबाई त्याला कोपराखाली धरून उभी राही आणि ऋतुजा खाली वाकून आकडा वाची. एकसष्ट. एकसष्ट आणि अर्धा. एकसष्ट. ऋतुजा तो वहीत लिही, मग त्याच्या नडगीवर अंगठा दाबी आणि पडलेल्या खड्ड्याकडं कपाळाला आठ्या घालून बघत राही.

सात वाजता धाकटा अमृत आला. गावाकडनं कुणाची तरी गाडी घेऊन, अंगभर धूळ घेऊन, आणि चपला काढायच्या आधीच बोलत.

"आण्णा! लागलं! दोनशे चाळीस फुटावर लागलं! शिवपुत्रची बोरची मशीन चिखल फेकायला लागली तसं अख्खं गाव जमा झालं. तुमी कार्तिकात खूण केलेली तीच जागा, लिंबाच्या अंगाची!"

म्हाताऱ्यानं डोळे उघडले. बजाबाईनं त्या डोळ्यांत जे बघितलं ते लग्नाच्या बोहल्यावरही तिला दिसलं नव्हतं.

"आपल्या रानात?" त्यानं विचारलं.

"आपल्या रानात! मोटार सोडून ठिवलीया. उद्या आकितीच्या मुहूर्तावर बटन दाबायचं. पण पयलं पाणी तुमीच प्यायचं, आण्णा. ज्यानं दावलं त्यानं पयला तांब्या प्यायचा, मंग बाकीच्यांनी. साठ वर्सं लोकांच्या बांधावर प्यालासा, आता आपल्या बांधावर. गाडी खाली उभी हाय. आये, कापडं भर."

बजाबाई उठलीसुद्धा. तिच्या पायांत एकदम बळ आलं. ऋतुजा स्वयंपाकघरातनं बाहेर आली, हात पदराला पुसत.

"भाऊजी, मामांना असं नेता येणार नाही. पायांना सूज आहे. काल जिना चढताना तीनदा थांबले."

"वैनी, वैशाख हाय. माजेबी पाय सुजत्यात."

"डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही."

"डॉक्टर काय म्हननार? पानी देऊ नका म्हननार. दुसरं काय येतंय त्यांना?" अमृत आईकडं वळला. "आये, तू सांग. व्हट बघ कसे फाटल्यात त्यांचे. ह्या उन्हात जनावरालाबी कुनी मोजून पाजत न्हाय."

बजाबाईला ते बोलणं गोड लागलं. इतके दिवस तिच्या मनात जे होतं ते कुणीतरी मोठ्यानं म्हणालं. "माझंबी तेच म्हननं हाय," ती म्हणाली. ऋतुजानं तिच्याकडं नुसतं बघितलं. त्या बघण्यात राग नव्हता. दमलेली बाई दुसऱ्या दमलेल्या बाईकडं बघते तसं ते होतं. बजाबाईनं मान फिरवली.

अभिमन्यू दाढी अर्धी करून आला, गालावर साबण तसाच. तो घरात कायम मध्ये उभा राहायचा, बायको आणि आई यांच्या, आई आणि भाऊ यांच्या. लहानपणापासून त्याची हीच जागा होती आणि तिथं उभा राहून राहून त्याला काही बोलताच येईनासं झालं होतं.

"अमृत म्हणतोय ते... म्हणजे एका दिवसाचाच प्रश्न आहे ना?" तो म्हणाला. "आणि ऋतुजा म्हणते तेही..."

"दादा, तू दाडी कर," अमृत म्हणाला.

पलंगावरनं आवाज आला. "मला इचारतंय का कुनी?"

सगळे पलंगाकडं वळले. म्हातारा उशांना टेकून धापत होता, पण चेहरा उजळला होता. दर दोन शब्दांना त्याला श्वास घ्यावा लागत होता, आणि तो जरासाही घाई करत नव्हता. "मी जानार. एक घोट पिईन. पोरी, तुज्या वाटीनं पिईन. पण आपल्या रानातलं पिईन. लोकांनी लई हसून घेतलं."

ऋतुजा त्याच्याजवळ बसली. "मामा, मला काय वाटत नाही का? पण तिथं धाप लागली तर? दवाखाना गाठेपर्यंत..." तिनं वाक्य सोडून दिलं. मग म्हणाली, "बरं. आजचं वजन व्हायचंय. एकसष्ट-बासष्ट भरलं तर जा, मी अडवणार नाही. त्याच्या वर गेलं तर गाडी दवाखान्यात न्यायची. कबूल?"

"कबूल," अमृत लगेच म्हणाला. "काटा काय खोटं बोलनार हाय?"

तेवढ्यात खालनं चंद्रव्वानं हाक मारली, "नळ आला, ऋतुजा, नळ आला!" चार दिवसांनी आलेलं पाणी. ऋतुजा मागच्या गॅलरीतल्या पिंपाकडं धावली, अभिमन्यू साबण पुशीत तिच्यामागं. पाणी पिंपाच्या तळावर आपटायला लागलं आणि घरभर त्याचा आवाज भरला. अमृत खिडकीतनं वाकून खाली गाडीपाशी जमलेल्या पोरांवर ओरडत होता. बजाबाई आत खोलीत म्हाताऱ्याचं धोतर पिशवीत भरत होती. तिच्या मनात रान आलं होतं. लिंबाच्या सावलीत म्हातारा बसलाय, माणसं गोल करून उभी आहेत, पाइपातनं पांढरं पाणी उसळतंय आणि तिच्या पायांच्या बोटांतनं गार चिखल वर येतोय. ती हसत होती.

म्हाताऱ्याला धीर धरवत नव्हता. तो एकटाच भिंत धरून लघवीला जाऊन आला, भिंत धरूनच काट्यापाशी गेला आणि वर चढला. "अगं, हात दे," त्यानं हाक मारली.

बजाबाई दारात आली तेव्हा तो काट्यावर हवेत हात पसरून डुलत होता. तिनं सवयीनं आधी खाली बघितलं, पाय नीट पडलाय का म्हणून, आणि तिला काटा दिसला. काळी सुई सहासष्टच्या आसपास थरथरत होती. तिनं पुढं होऊन त्याच्या कोपराखाली हात घातला. त्यानं रोजच्यासारखा आपला भार तिच्यावर टाकला. आणि तिच्या डोळ्यांदेखत ती सुई हळूहळू मागं आली. पासष्ट, चौसष्ट, बासष्ट. एकसष्टपाशी येऊन थांबली.

बजाबाईला आधी काही कळलंच नाही. मग सगळं एकदम कळलं. मंगळवारच्या बाजारात तिनं उभी हयात शेंगा विकल्या होत्या. पारड्याला करंगळी लावणारा व्यापारी तिला लांबून ओळखता यायचा, आणि अशा एकाची तिनं भर बाजारात गचांडी धरली होती. पंधरा दिवस ती स्वतः पारड्याखाली हात घालून उभी होती. दिवसेंदिवस म्हातारा जास्त रेलत होता, तिचा खांदा रात्रभर ठणकत होता, आणि तिला वाटत होतं की आपलं वय झालं.

कुणीही बघितलं नव्हतं. पिंपात पाणी पडत होतं. अमृत अजून खिडकीतच होता. म्हातारा समोर बघत होता, त्याच्या डोळ्यांत ते रान तसंच होतं.

"किती हाय?" त्यानं विचारलं.

ऋतुजा ओल्या हातांनी आली आणि खाली वाकली. "एकसष्ट," ती म्हणाली, आणि तशीच वाकून राहिली. "एकसष्टच कसं? पाय तर..." मग ती उठली आणि हसायचा प्रयत्न केला. "बरं झालं. मीच उगीच घाबरत होते. जा मामा, पण उद्या संध्याकाळपर्यंत परत या."

"मी सांगतच हुतो!" अमृतनं टाळी वाजवली.

बजाबाईच्या हातावर म्हाताऱ्याचा भार होता. नुसतं गप्प बसायचं होतं. बावन्न वर्षांत या माणसानं स्वतःसाठी म्हणून हे एकच मागितलं होतं. एक घोट. आणि बोललं तर काय? अमृत तोंड फिरवील. सुनेपुढं मान खाली जाईल. आंबील बाहेर येईल, कलिंगड बाहेर येईल. आणि म्हाताऱ्याच्या डोळ्यांतलं ते रान विझेल, आणि विझवणारी ती असेल. तिच्या डोक्यात पुन्हा पाइपातनं पाणी उसळलं, लिंबाखाली म्हातारा बसला, त्यानं वाटी तोंडाला लावली. पण आता त्याचं तोंड उघडं होतं आणि त्याला श्वास येत नव्हता, आणि गोल करून उभी असलेली माणसं नुसती बघत होती. हे स्वप्न होतं की भीती, तिला कळेना.

"ऋतुजा," ती म्हणाली. "थांब. परत बघ."

आणि तिनं हात काढून घेतला.

म्हातारा डुलला. "अगं, हात दे की," तो चिडून म्हणाला आणि हवेत तिचा हात शोधू लागला. बजाबाईनं दोन्ही हात पाठीमागं घट्ट धरले. त्याला पडू देणं जेवढं अवघड असतं तेवढंच ते अवघड होतं. तो स्वतःच्या पायांवर कसाबसा उभा राहिला. सुई वर चढली आणि सहासष्टवर जाऊन थांबली.

मागं पिंप भरून वाहायला लागलं होतं.

"मीच," बजाबाई म्हणाली. "मीच धरत हुते. मला काय ठावं, माझ्या हातावर येतंय ते काट्यावर येत न्हाय म्हनून."

ऋतुजानं म्हाताऱ्याला हाताला धरून खुर्चीत बसवलं. "आत्या, पाच किलो. पाच किलो पाणी आहे अंगात. बाटली तर रोज... कुठून आलं एवढं?"

"आंबील देते मी दुपारी."

"वाटी?"

"तांब्या," बजाबाई म्हणाली. "मीठ घालून. आन् कलिंगड."

ऋतुजा मटकन खाली बसली. "मला का नाही सांगितलंत?"

"तू न्हाय म्हनाली असतीस."

ऋतुजानं सासूचा हात धरला, सोडला, आणि उठून डॉक्टरांना फोन लावला. लगेच घेऊन या, असं तिकडनं सांगितलेलं सगळ्यांना ऐकू आलं.

"आये," अमृत दात दाबून म्हणाला, "घटकाभर गप बसली असतीस तर काय झालं असतं गं?"

म्हातारा कुणाकडंच बघत नव्हता. "मला न्हाय जायचं दवाखान्यात," तो भिंतीला म्हणाला. "मला ऐकू येतंय पाणी. बरं हाय माझं."

बजाबाई त्याच्यासमोर जमिनीवर बसली. त्याच्या नडगीवर तिनं अंगठा दाबला. खड्डा पडला आणि तसाच राहिला. "अवं, तुमाला ऐकू येतंय ते फरशीखाली न्हाय," ती म्हणाली. "ते तुमच्या अंगात हाय. तुमच्या छातीत वाजतंय. मी रोज ऐकतेय आन् मला वाटतंय कुनाचा तरी माग चालू हाय."

अमृतनं त्याला उचललं तेव्हा त्यानं पाय झाडले नाहीत.

नळाला पाणी होतं म्हणून अभिमन्यू मागं राहिला. बाकीची भांडी भरून येतो म्हणाला. अमृत गाडी चालवत होता, ऋतुजा त्याच्या शेजारी मांडीवर फाइल घेऊन फोनवर खाट आहे का विचारत होती. मागं बजाबाई आणि म्हातारा. खिडकीतनं झळा येत होत्या. रस्त्यावर लांबवर पाणी चमकत होतं आणि गाडी जवळ गेली की नाहीसं होत होतं. म्हाताऱ्याचे डोळे त्याच्यावरच होते. बजाबाईला वाटलं, हा आता आपल्याशी कधीच बोलणार नाही.

सात रस्त्याच्या चौकात सिग्नल सुटला आणि अमृतनं गाडी दवाखान्याकडं न वळवता सरळ अक्कलकोटच्या दिशेला घातली. सवयीनं की मुद्दाम, ते त्याचं त्याला ठाऊक. ऋतुजा फोनवरच होती, तिच्या लक्षात आलं नाही. बजाबाईच्या आलं. पण एवढं सगळं बोलून झाल्यावर तिच्यात आता एकही शब्द उरला नव्हता. ती बघत राहिली. दुकानं मागं पडत होती.

"तू गप बसली असतीस तर," म्हातारा हळूच म्हणाला, "आज मी माझ्या रानात असतो."

"व्हय," बजाबाई म्हणाली. "आन् येताना मी एकटी आले असते."

त्याच्या छातीत पाणी वाजत होतं. आता तिला ते स्पष्ट ऐकू येत होतं. बराच वेळ तो बाहेर बघत बसला, गावाकडं जाणाऱ्या त्या ओळखीच्या रस्त्याकडं. मग त्यानं पुढच्या सीटच्या पाठीवर हात ठेवला आणि श्वास गोळा केला.

"अमृता," तो म्हणाला, "दवाखाना मागं राहिला. गाडी फिरव."